एका दिवसाला एकच गाव



दिवाळी आटोपली, फराळाचे डबे रिकामे झाले, की आपल्याकडे घरोघरी एकच विषय. रविवारी गाडी काढून कुठं जायचं? धाकट्या नणंदेच्या मुलाने परवा मला यादी पाठवली. सकाळी पातूरहून निघायचं, लोणार करायचं, तिथून शिरपूर, येताना वाकडी वाट करून बाळापूरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगाची छत्री, रात्री नऊला घरी. खाली लिहिलेलं, "मामी, गाडी आहे, रस्ते चांगले झालेत, एकाच फेरीत सगळं होऊन जाईल." मी उलट लिहिलं, यातली दोन गावं खोड. त्याला ते काही आवडलं नाही. म्हणून कारण सविस्तर लिहिते, म्हणजे तुमच्याही घरच्या यादीला उपयोगी पडेल.

मी बी.कॉम. झालेली बाई. हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आपण सहलीचा हिशेब किलोमीटरवर मांडतो, तिथंच चुकतो. तो मांडायचा उजेडावर. डिसेंबरात आपल्या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मेच्या शेवटी सातच्या आसपास. रात्रिभोजनाचा नियम असलेल्या घराने मावळतीपासून मागे मोजत यावं. साडेचारला जेवायला बसायचं, तर चारला पाहणं थांबलं पाहिजे. सकाळचा अभिषेक आणि पूजा आटोपून आठला निघालात, तर हातात आठ तास. त्यातून जाण्याचे तास वजा करा. शिवाय घाटातला ट्रक, पंक्चर, कोणाला तरी गाडी लागणं, यासाठी एक तास राखीव निधी म्हणून बाजूला ठेवा. उरलं काय? तीन-चार तास. म्हणजे एक गाव.

लोणारचंच घ्या. वरच्या काठावरून बघायला दहा मिनिटं पुरतात आणि पुष्कळ लोक तेवढंच करून परततात. पण खाली उतरून तळ्याच्या काठची जुनी देवळं पाहिली, वर येऊन गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळावरचं कोरीवकाम नीट बघितलं, तर दिवस सरतो. 2020 साली त्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळं जग बघत होतं, आणि आपण ते अर्ध्या तासात उरकायचं?

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. सात वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही मुक्तागिरीला निघालो. बेत माझा होता, हे आधीच सांगते. मोठ्या जाऊबाईंची फार वर्षांची इच्छा. साडेतीन कोटी मुनी जिथून मोक्षाला गेले ते सिद्धक्षेत्र, डोंगरावरची बावन्न मंदिरं, सगळं त्यांना तोंडपाठ, पण लग्नानंतर जाणं झालं नव्हतं. पातूरहून अकोला, अकोट, अंजनगाव, परतवाडा, पुढे हद्द ओलांडून मध्य प्रदेशात, दीडशे किलोमीटरच्या आसपास. मुलं म्हणाली, परतवाड्यापर्यंत जातोच आहोत तर आधी चिखलदरा करू. मी म्हटलं, करू. एवढं पेट्रोल जाळतोच आहोत तर, असा विचार केला. कॉमर्स शिकलेल्या बाईने! झालेला खर्च वसूल करायला आणखी खर्च करू नये, हे पुस्तकात वाचलेलं होतं की.

चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर फोटो काढता काढता अडीच वाजले. मुक्तागिरीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा पावणेपाच. वर दोनशेहून जास्त पायऱ्या. जाऊबाई एकाहत्तरच्या, गुडघे दुखरे. सावकाश, बसत-उठत त्या नक्की चढल्या असत्या, त्याला दोन तास लागले असते इतकंच. तेवढा उजेड नव्हता. "तुम्ही जाऊन या वं, मी अठीच बसतो," म्हणाल्या आणि चपला काढून पायरीला हात लावून बसल्या. आम्ही धावत वर गेलो, धावत खाली आलो. मला एकाही मूर्तीचा चेहरा आठवत नाही. खाली आलो तर अंधार पडलेला, दशम्यांचा डबा जसाच्या तसा, आणि जाऊबाई गाळलेलं पाणीसुद्धा न घेता बसलेल्या. परतीच्या वाटेवर गाडीतला प्रत्येक जण म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे आणखी बिघडले. आता त्या घरातल्या घरात वॉकर घेऊन चालतात. मला त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्या बारा व्रतांत देशव्रत आहे. आज मी अमुक हद्दीपलीकडे जाणार नाही, अशी त्या दिवसापुरती मर्यादा आखून घेणं. लहानपणी मला ते घरी बसवण्याचं व्रत वाटायचं. आता वाटतं, गाडीत बसणाऱ्यांनाच त्याची जास्त गरज आहे.

माझी लेक आयर्लंडमध्ये डब्लिनला असते. तिथं जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे एका दिवसात पार पश्चिम किनाऱ्यावरचे मोहरचे कडे बघून, उजेडातच जेवून ती घरी येते. पण डिसेंबरात तिथं चारनंतर लगेच अंधार, तेव्हा ती डब्लिनच्या आसपासच फिरते. सूर्य तोच, नियम तोच. तिने आधी पंचांग बघितलं, मग नकाशा.

आणखी एक. बेत आखताना गाडीत सर्वांत हळू चालणारं माणूस कोण, ते आधी विचारा, आणि दिवस त्याच्या पायाने मोजा. तरुणांना दोन पॉइंट कमी झाले तर ते पुन्हा येतील. "जवळच आहे, केव्हाही जाऊ" हेही मनातून काढा. शिरपूर आपल्यापासून किती जवळ! पण अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिराला 1981 साली कुलूप लागलं ते 2023 मध्ये उघडलं. बेचाळीस वर्षं झरोक्यातून दर्शन. तेवढ्यात आपल्या किती सासवा, आया निघून गेल्या.

भाच्याला सांगितलंय, लोणार तुम्ही तरुण मंडळी वेगळ्या रविवारी करा, बाळापूर तर अर्ध्या दिवसाचं काम. या रविवारी फक्त शिरपूर. अंतरिक्षजींची मूर्ती भुयारात, तिथं जाऊबाईंना उतरवणार नाही. गावातल्या जुन्या पवळी मंदिरात सावकाश बसू, दगडातलं कोरीवकाम बघू. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गाळलेलं पाणी आणि वॉकर, सगळं एकाच गाडीत मावतं. जाऊबाईंनी कालच विचारलं, "पण आणखी कुठी जायचं हाय?" म्हटलं, कुठंच नाही.