पिशवी बदलली, कचऱ्याचे काय?

२६ जुलै २००५ रोजी मुंबई आणि परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा नाले तुंबण्याच्या कारणांत प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांचे नाव ठळकपणे घेतले गेले. त्यानंतर राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या, थर्माकोलची ताटे-वाट्या अशा अनेक वस्तूंवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकून द्यायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली. तरीही बाजारातून पिशवी हद्दपार झालेली नाही. उलट तिच्या शेजारी आता एक नवी पिशवी येऊन बसली आहे. दिसायला ती जवळजवळ तशीच, पण तिच्यावर ‘कंपोस्टेबल’ असा शब्द छापलेला असतो. २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने प्रमाणित कंपोस्टेबल पदार्थांपासून बनविलेल्या पेले, ताटल्या, चमचे अशा वस्तूंना बंदीतून सवलतही दिली. ग्राहक निश्चिंत झाला, दुकानदारही सुखावला. ही निश्चिंती कितपत योग्य आहे, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

नेहमीचे पॉलिथिन खनिज तेलापासून बनते. त्याचे रेणू कार्बनच्या लांबलचक साखळ्यांचे असतात आणि त्या तोडणे मातीतील सूक्ष्म जीवांना जवळजवळ अशक्य असते. १९५० ते २०१५ या काळात जगात निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी अवघ्या ९ टक्के कचऱ्याचा पुनर्वापर झाला, असा अंदाज संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. उरलेल्यापैकी काही जाळला गेला आणि बहुतेक सारा जमिनीवर, कचराभूमीत किंवा पाण्यात पडून राहिला. म्हणूनच शास्त्रज्ञ पर्यायाच्या शोधात आहेत.

त्यांतील एक प्रमुख पर्याय म्हणजे पीएलए. मका किंवा ऊस यांतील साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवितात, म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे तेच आम्ल, आणि त्याचे रेणू जोडून प्लास्टिक तयार करतात. या साखळीचे सांधे उष्णता व ओलावा मिळाला की उकलतात आणि मग सूक्ष्म जीव आपले काम करतात. पीएलए ठिसूळ असल्याने पिशवीसाठी त्यात पीबीएटी नावाचा लवचीक पदार्थ मिसळतात. तोही विघटनशील आहे, पण तो बहुधा खनिज तेलापासूनच बनतो. तेव्हा ‘कंपोस्टेबल’ म्हणजे ‘संपूर्णपणे वनस्पतिजन्य’ असा अर्थ होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. भारतात अशा मालाला आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाची कसोटी लागते आणि उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही कसोटी घेतली जाते ती सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या, ओलावा आणि हवा खेळती असलेल्या खतात. असे तापमान मोठ्या, शास्त्रशुद्ध खतप्रकल्पात दिवसेंदिवस टिकते. आपल्या परसातील खड्ड्यात, गटारात किंवा समुद्रकिनारी ते टिकत नाही. प्रमाणपत्र खोटे नसते, पण ते सशर्त असते, आणि ती अट पिशवीवरील ठळक अक्षरांत वाचायला मिळत नाही.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी काही पिशव्या माती, हवा आणि समुद्राच्या पाण्यात ठेवून २०१९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कंपोस्टेबल पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही तिचे अस्तित्व उरले होते. ‘जैवविघटनशील’ असे लिहिलेली पिशवी तर माती आणि पाण्यात तीन वर्षे राहूनही बाजारहाटाचे ओझे पेलण्याइतकी मजबूत होती! ‘जैवविघटनशील’ आणि ‘कंपोस्टेबल’ हे शब्द समानार्थी नाहीत, हे ग्राहकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ आहे काय? तसे मुळीच नाही. इटलीचे उदाहरण घ्या. तेथे २०११ पासून दुकानांतील साध्या प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली आणि कंपोस्टेबल पिशव्यांना वाव मिळाला. मिलान शहराने २०१२ पासून घरोघरी स्वयंपाकघरातील ओला कचरा वेगळा गोळा करण्यास सुरुवात केली आणि दोनेक वर्षांत संपूर्ण शहर या योजनेखाली आणले. दुकानातून आलेली पिशवीच ओल्या कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून वापरली जाते आणि कचऱ्यासह प्रक्रिया-प्रकल्पात जाते. तेथे पिशवी यशस्वी झाली, कारण तिच्यामागे यंत्रणा उभी होती.

आपल्याकडे नेमकी हीच कडी कच्ची आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचा नियम २०१६ सालीच आला, परंतु अनेक घरांत आजही एकच डबा आहे. मिश्र कचरा कचराभूमीवर जातो. तेथे ढिगाखाली हवा पोहोचत नाही आणि विघटनशील पदार्थ कुजलाच तर त्यातून मिथेन हा वातावरण तापविणारा वायू बाहेर पडतो. दुसरीकडे, कचरावेचक बंधुभगिनींची अडचण निराळीच आहे. त्यांच्या हाताला पॉलिथिन आणि पीएलए यांतील फरक सहसा कळत नाही. पुनर्वापराच्या मालात कंपोस्टेबल प्लास्टिक मिसळले गेले, तर मालाचा दर्जा घसरतो. त्याचा भाव पडला की तोटा होतो तो सर्वांत गरिबाचा. पर्यावरणाचे नवे धोरण ठरविताना त्यांचा विचार प्रथम व्हावयास हवा.

कच्च्या मालाचाही प्रश्न आहे. पुण्याच्या प्राज कंपनीने २०२४ मध्ये जेजुरी येथे जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात ही संधी निश्चितच आहे. परंतु ऊस पाणी किती पितो, हे दुष्काळी भागातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. फेकण्यासाठीच्या वस्तूकरिता किती पाणी आणि किती जमीन द्यायची, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. उसाचे चिपाड, पिकांचे अवशेष यांपासून पॅकिंग बनविण्याचे प्रयत्न म्हणूनच अधिक आश्वासक वाटतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात दैनंदिन जीवनातील लहानसहान कृतींची यादी दिली आहे. तीत प्लास्टिक आणि कागद या दोहोंचा वापर टाळणे, कचरा वेगळा करणे आणि खाता येईल तेवढेच शिजविणे यांचा समावेश आहे. कागद हा तर विघटनशील आहे, तरीही त्याचे नाव या यादीत आहे. रोग केवळ पदार्थात नाही, तो ‘वापरा आणि फेका’ या वृत्तीत आहे, हाच त्याचा मथितार्थ होय.

आपली जुनी पिढी या बाबतीत अधिक शहाणी होती. केळीच्या पानातील फुलांची पुडी, पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, बाजाराला निघताना खांद्याला अडकविलेली कापडी पिशवी यांना कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नव्हती. काळाचे काटे उलटे फिरविता येत नाहीत. दूध, औषधे, मासे यांना सुरक्षित वेष्टन लागणारच आणि तेथे नव्या संशोधनाचे स्वागत केले पाहिजे. परंतु क्रम विसरता कामा नये. आधी गरज कमी करावी, मग तीच वस्तू पुन्हा पुन्हा वापरावी आणि जेथे इलाज नाही तेथेच कंपोस्टेबल वस्तू घ्यावी. तीही आपल्या गावात तिचे खत होण्याची सोय आहे काय, हे विचारूनच.

धर्मग्रामाच्या सणाला किंवा लग्नाच्या जेवणाला कंपोस्टेबल ताटल्या आणण्याचे ठरले, तर त्या जेवणानंतर कोठे जाणार, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारला जावा. उत्तर मिळाले नाही, तर स्टीलची ताटे भाड्याने आणावीत आणि ती घासणाऱ्या हातांना योग्य मोबदला द्यावा.