पुडीभर गांजा, आयुष्यभराचा डाग

साप्ताहिक स्तंभ : कायदा आणि माणूस

त्र्यंबकेश्वरात 31 ऑक्टोबर 2026 रोजी ध्वजारोहण होऊन सिंहस्थ सुरू होईल, असे जाहीर झाले आहे. पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 रोजी आहे. शैव, उदासीन आणि निर्मळ मिळून दहा आखाडे त्र्यंबकला उतरतात, कुशावर्तात स्नान करतात, आणि धुनीभोवती चिलीमही फिरते. हे पोलिसांना ठाऊक आहे, भाविकांना ठाऊक आहे, गावकऱ्यांनी तर दर सिंहस्थात पाहिले आहे. त्याच गावात एखादा रिक्षावाला किंवा कॉलेजचा पोरगा पाच ग्रॅमची पुडी खिशात घेऊन सापडला, तर मात्र पंच बोलावले जातात, मुद्देमाल सील होतो आणि गुन्हा दाखल होतो. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात साधूसाठी वेगळे कलम नाही. फरक पडतो तो फक्त कारवाई करणाऱ्याच्या नजरेत.

आखाड्यांवर धाडी घाला, असे माझे म्हणणे नाही. धुनीपाशी जी समजूत दाखवली जाते, तिचा थोडा वाटा त्या पोराच्याही पदरात पडावा, एवढेच म्हणणे आहे. आणि त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही.

कायद्याने शिक्षा वजनावर ठरवली आहे. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ती ‘अल्प मात्रा’. शिक्षा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 20 किलोपेक्षा जास्त असेल तर ‘व्यापारी मात्रा’. तिथे किमान 10 आणि कमाल 20 वर्षे सक्तमजुरी, शिवाय किमान 1 लाख रुपये दंड. या दोन्हींच्या मधल्या वजनाला 10 वर्षांपर्यंत. ही उतरंड 2001 च्या दुरुस्तीने आली आणि ती योग्यच होती. त्याआधी तस्कर आणि त्याचे ओझे वाहणारा हमाल यांना एकच माप लागत असे.

पण त्याच दुरुस्तीत एक गाठ बसली, ती आजवर सुटलेली नाही. 2001 पूर्वी स्वतःपुरता थोडा अमली पदार्थ जवळ बाळगणारा आणि तो ओढणारा, दोघेही कलम 27 मध्ये येत. आता त्या कलमात फक्त सेवन उरले. गांजा ओढला, तर कलम 27 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तोच गांजा ओढण्याआधी खिशात सापडला, तर कलम 20 खाली एक वर्षापर्यंत. पुढचे तर अधिकच विचित्र. कलम 33 नुसार सज्ञान आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सवलत सेवनाच्या गुन्ह्यात मिळू शकते, पुडी बाळगण्याच्या गुन्ह्यात मिळत नाही. म्हणजे फौजदाराने कागदावर कोणत्या कलमाचा आकडा लिहिला, यावर त्या पोराचे नशीब ठरते.

पंचनाम्याची भाषा वाचून पाहा. ‘हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, बिया, काड्या मिश्रित गांजा’ अशा धर्तीचे वाक्य ठिकठिकाणी भेटते. कायद्याची व्याख्या मात्र काटेकोर आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील, तर नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत; भांग या कायद्याच्या कचाट्याबाहेर राहते ती याचमुळे. मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये याच मुद्द्यावर एका आरोपीला जामीन दिला. पण ती लढाई वकील लावू शकणाऱ्याची. अल्प मात्रेचा खटला दंडाधिकाऱ्यांपुढे झटपट चालू शकतो. ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, संध्याकाळी घरी जा’ असा सल्ला मिळतो, आणि पोरगा मान डोलावतो. दंड भरून होतो, कोर्ट उठेपर्यंतची कैदही भोगून होते. पुढे पोलीस भरतीचा फॉर्म भरताना किंवा चारित्र्य पडताळणीच्या वेळी कळते, की आपण ‘सिद्धदोष’ आहोत.

याच कायद्यात दोन दारे उघडी ठेवली आहेत. कलम 64अ सांगते, की सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायचे ठरवले आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. कलम 39 सांगते, की दोष सिद्ध झाल्यावरही न्यायालय अशा माणसाला, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचारांसाठी बंधपत्रावर सोडू शकते. वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल मागवून समज देऊन मोकळे करू शकते. वय, स्वभाव, पूर्वेतिहास, प्रकृती हे सगळे पाहण्याची मुभा न्यायाधीशांना आहे. पण आरोपीला ही कलमे सांगायची कोणी?

गांजा निरुपद्रवी आहे, असे मी म्हणत नाही. कोवळ्या वयात लागलेली सवय अभ्यास खाते, काहींच्या मनाचा तोल घालवते, आणि अशा घरातल्या आईबापांचे हाल पाहिले की कोणाचाही जीव तुटेल. पण आजारी पोराला शिक्का मारून तो बरा होत नाही. आपल्याकडचा अनुभवही जुना आहे. इंग्रज सरकारने 1893-94 मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला. हजाराहून अधिक साक्षी ऐकून त्याने निष्कर्ष काढला, की बेताच्या सेवनाने फारसे नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको, नियंत्रण आणि कर पुरेत. बंदी घातली तर साधू-फकिरांमध्ये असंतोष पसरेल, हाही विचार त्यात होता. अलीकडे, 2020 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले. एम्सच्या 2019 च्या अहवालानुसार देशात सुमारे 3 कोटी 10 लाख लोक वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतात. एवढ्यांना तुरुंगात कोंबणे कोणालाच शक्य नाही. मग सापडतो तो गरीब.

पोलिसांचे बळ कुठे लागायला हवे, हे नाशिककरांनी पाहिले आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये शिंदे गावातला एमडी या अमली पदार्थाचा कारखाना मुंबई पोलिसांनी येऊन पकडला. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला गांजाची शेती पुन्हा पुन्हा सापडते. तिथे पैसा आहे, टोळी आहे, आणि कायद्याची कठोरताही तिथेच शोभते.

सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पूल यांची तयारी चालेल. त्यातच तीन गोष्टी बसवाव्यात. त्र्यंबकला सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्राची सोय करावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने रिमांडच्या वेळी वकील हजर ठेवावा आणि त्याने कलम 64अ व 39 प्रत्येक आरोपीला मराठीत समजावून सांगावे. दंडाधिकाऱ्यांनी पहिल्याच तारखेला आलेली कबुली स्वीकारण्यापूर्वी, तिचे परिणाम आरोपीला कळले आहेत का, हे विचारावे. आणि संसदेने कलम 33 मधली ती गाठ सोडवावी.

तोवर वाचकांना एक सांगणे. तुमच्या घरचा, ओळखीचा, शेजारचा पोरगा असा सापडला, तर त्याला पहिल्या दिवशी गुन्हा कबूल करू देऊ नका. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला 1987 च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. तो मागा, आणि उपचाराचा अर्ज आधी करा.