भूक लागली, हे सांगता यायला हवं

मैत्रिणींनो, जूनमध्ये शाळा सुरू झाली की हमखास दोन-चार आया मला गाठतात. "बाई, मुलीला परदेशी पाठवायचं म्हणजे बरोबर काय काय द्यायचं हो?" सामानाची यादी मी तुम्हाला देणारच आहे. पण त्याआधी पहिल्या दिवसाची एक हकीकत ऐका. त्या दिवशी चूक झाली ती माझीच.

मी एका शाळेत अर्धवेळ जर्मन शिकवते. 2024 च्या मे महिन्यात आमच्या नववीच्या बारा मुलींना घेऊन मी आणि दुसऱ्या एक बाई ब्रेमेनला गेलो. औंधचा ब्रेमेन चौक पुण्यातल्या मैत्रिणींना ठाऊक असेलच. ज्या गावावरून त्याला नाव पडलं ते हे उत्तर जर्मनीतलं ब्रेमेन. आपल्या मुलींनी दोन आठवडे तिथल्या मुलींच्या घरी राहायचं, त्यांच्याबरोबर शाळेत जायचं आणि ऑक्टोबरमध्ये त्या मुलींनी आपल्याकडे यायचं, असा हा देवाणघेवाणीचा बेत.

निघण्याआधी मी आयांची आणि मुलींची बैठक घेतली. एका आईने साजूक तुपाची बरणी बांधली होती, दुसरीने हापूसचे डझनभर आंबे. दोन्ही काढायला लावलं. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-तूप-खवा किंवा मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत आणि ताज्या आंब्याला सरकारी तपासणीचा दाखला लागतो. गंमत म्हणजे नारळ आणि केळी मात्र बिनदाखल्याची चालतात! मग मुलींकडे वळून मी म्हटलं, "परक्याच्या घरी हावरटपणा करायचा नाही. कुणी आग्रह केला तर आधी 'नाइन, डांके' म्हणायचं." म्हणजे 'नको, आभारी आहे.' हे दोन शब्द मी बाराजणींकडून घोटून घेतले.

मुंबईहून रात्री विमान, सकाळी फ्रँकफुर्ट, तिथून चार तासांची आगगाडी. दुपारी ब्रेमेनच्या स्टेशनवर उतरलो तर घरोघरची मंडळी हातात नावांच्या पाट्या घेऊन उभी. एकेक नाव पुकारलं गेलं, एकेक मुलगी आपली बॅग ओढत अनोळखी माणसांबरोबर जिना उतरून गेली. पाऊण तासात फलाटावर आम्ही दोघीच. दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला आणलेली आणि हातात एकही नाही! काय वाटलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

माझी सोय तिथल्या एका शिक्षिकेच्या घरी होती. रविवार असल्याने दुकानं बंद, रस्ते शांत. नऊ वाजून गेले तरी बाहेर उजेड. उशाशी फोन ठेवून पडले, तर साडेतीनला तो वाजला. आपल्याकडचे सात. अगदी कुजबुजत आवाज आला, "बाई, झोपला होतात का? मला खूप भूक लागलीय."

झालं होतं ते असं. संध्याकाळी जेवायला बसले तर टेबलावर तपकिरी घट्ट पाव, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो. त्यांच्याकडे गरम जेवण पुष्कळ घरांत दुपारी होतं, संध्याकाळी असा थंड पाव. आमची मुलगी वाट पाहत राहिली, की हे झाल्यावर भात येईल. एक तुकडा खाल्ला. घरच्या आईने विचारलं, "आणखी?" हिने शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "नाइन, डांके." आपल्याकडे कसं, पहिल्या 'नको'ला कुणी विचारतच नाही. दुसऱ्यांदा वाढतात, तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून भात पडतो. तिथे एकदा 'नको' म्हटलं की नको. बाईंनी हसून पाव झाकला आणि टेबल आवरलं.

"मग आता स्वयंपाकघरात जाऊन काही घे ना," मी म्हटलं.

"विचारल्याशिवाय फ्रीज कसा उघडू?"

शेवटी त्यांच्यासाठी भेट म्हणून आणलेलं भाकरवडीचं पाकीट तिने फोडलं. मी फोनवर ऐकत होते. पांघरुणात तोंड घालून, आवाज होऊ नये म्हणून एकेक भाकरवडी ती दाताखाली हळूच मोडत होती.

मला पुढे झोप लागली नाही. आठवला तो माझा सासरचा पहिला दिवस. पंगतीत सासूबाईंनी विचारलं, "आणखी पोळी?" मी म्हटलं, "नको." आईने बजावून पाठवलं होतं ना! नव्या सुनेला लाजते म्हणून कुणी आग्रहही केला नाही. रात्रभर पोटात कावळे ओरडत होते. तुमच्यापैकी किती जणींचा तो दिवस असाच गेला असेल, सांगा पाहू. परवा सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मग बोलायचं नाही का तेव्हा? मीही माझ्या सासूबाईंसमोर उपाशीच झोपले होते." पंधरा वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी हे एकमेकींना बोललो नव्हतो. आणि तेच मी बारा मुलींना धडा म्हणून शिकवून पाठवलं होतं.

सकाळी मी तिला फोन करून दोनच वाक्यं दिली. 'इश हाबे हुंगर', म्हणजे मला भूक लागली आहे. आणि 'या, गेर्न', म्हणजे हो, आवडेल. तिने धीर करून पहिलं वाक्य म्हटलं. घरच्या बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मग काल नको का म्हणालीस?" हे समजावून सांगण्याइतकं जर्मन तिच्याजवळ नव्हतं. मराठीतही तिला ते सांगता आलं असतं की नाही, कुणास ठाऊक. बाईंनी तिचा हात धरून फ्रीज दाखवला, फळांची परडी दाखवली आणि खुणेनेच सांगितलं, हवं तेव्हा घे. उरलेल्या भाकरवड्या मग सगळ्यांनी मिळून संपवल्या.

आता यादी. मुलगी जाणार असेल तर एवढं करा :

1. पहिल्या दोन रात्री पुरेल इतका चिवडा, खाकरा किंवा चिक्की तिच्या स्वतःच्या नावाने द्या, भेटीच्या पिशवीत नको. घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं, म्हणून पहाटे तीनलाच जाग येते आणि भूक लागते.

2. एक छोटा प्लॅस्टिकचा मग द्या. तिथे संडासात पाण्याची सोय नसते, कागद असतो.

3. न्हाणीघरात बहुतेक ठिकाणी आपल्यासारखी मोरी नसते. पडदा किंवा दार नीट लावून आतच अंघोळ करायची, सांडलेलं पाणी पुसून घ्यायचं. आमच्या दोघींनी पहिल्याच सकाळी तळं केलं.

4. शाकाहारी असेल तर 'अंडं चालतं की नाही' हेसुद्धा आधी लिहून कळवा.

5. पहिल्या दिवशी पोचल्याचा एक फोन पुरे. सारखे फोन केलेत तर मुलगी तिथल्या माणसांत बसणार कधी?

आणि सहावं, यादीत न मावणारं. घरातच सवय करा. 'हवं का?' विचारलं की हवं असेल तर 'हो', नको असेल तर 'नको', आणि तिने एकदा 'नको' म्हटलं की आपणही वाढायचं नाही. मला हे फार जड गेलं. माझी लेक आता अकरा वर्षांची आहे. पहिल्या आठवड्यात ती दोनदा अर्धपोटी उठली आणि मी हात बांधून बसले. तिसऱ्या दिवशी ताट पुढे करून म्हणाली, "आई, अजून एक पोळी दे, भूक आहे."

त्याच ऑक्टोबरमध्ये ब्रेमेनच्या मुली आल्या. त्या दिवशी सकाळी मी सगळ्या आयांना फोन केला : "पाहुणीने नको म्हटलं, तर वाढू नका." एकीने विचारलं, "अहो, पण ती उपाशी राहिली तर?" मी म्हटलं, "नाही राहणार. ती मागून घेईल."