भीतीचा व्यापार आणि गडचिरोली

सोव्हिएत मूकपट म्हटला की अभ्यासवर्गांतून आयझेनस्टाइन आणि पुडोवकिन यांच्या गंभीर कृतींचीच चर्चा होते. लेव कुलेशोव याने १९२४ मध्ये एक धमाल विनोदी चित्रपट काढला होता, याचा उल्लेख सहसा होत नाही. जणू हसणे वर्गलढ्याच्या शिस्तीत बसत नाही! त्यातील मिस्टर वेस्ट हा सुखवस्तू अमेरिकन मॉस्कोला निघतो. न्यूयॉर्कच्या मासिकांत त्याने कातडी पांघरलेले रानटी बोल्शेविक पाहिलेले असतात, म्हणून सोबत पिस्तूलधारी काउबॉय घेतो. मॉस्कोत भामट्यांची टोळी मासिकातल्यासारखेच बोल्शेविक सोंगे रंगवून उभे करते, त्यांच्यापासून त्याला 'वाचवते' आणि डॉलर उकळते. टोळीच्या म्होरक्याची भूमिका खुद्द पुडोवकिनने केली आहे.

या प्रहसनात भांडवलशाहीचे एक मर्म सापडते. भीती हा विक्रेय माल आहे. एकदा गिऱ्हाईक तयार झाले की सोंगे पुरवणारे आपोआप उभे राहतात.

१९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे जे चित्र मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांनी रंगविले, ते वेस्टच्या मासिकांहून फारसे निराळे नाही. घनदाट अरण्य, बंदूक आणि मागास माणूस! सरकारी नोकराला तेथील बदली म्हणजे शिक्षा वाटते. माओवाद्यांनी आदिवासींचेही रक्त सांडले, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु त्या भीतीच्या आडोशाला कोणाचे व्यवहार निर्वेध चालले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

बांबूचेच पाहा. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत. १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाड ठरविले. झाड म्हटले की मालकी वनखात्याची! या न्यायाने कागद गिरण्यांना बांबू कवडीमोलाने मिळत गेला आणि त्याच जंगलातला माणूस टोपलीपुरता बांबू तोडला तरी गुन्हेगार ठरला. कुलेशोवलाही याहून विनोदी प्रसंग सुचला नसता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी त्याला झगडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कोठे गवत पुन्हा गवत झाले. या लढ्यात बंदूक नव्हती, म्हणूनच की काय, शहरी वृत्तपत्रांना त्यात रस वाटला नाही.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडची कथा याच्या उलट आहे. तेथील लोहखनिजाचा सुमारे ३४८ हेक्टरांचा पट्टा २००७ मध्ये खासगी कंपनीला दिला गेला. ग्रामसभांचा विरोध असताना पोलीस बंदोबस्तात खाण सुरू झाली. पुढे वार्षिक उत्पादन ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली, तीही खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी. ज्या जनांची सुनावणी, त्यांनीच प्रवास करावयाचा!

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. भीतीचा माल आता खपेनासा होईल. त्याच्या जागी 'पोलादाची राजधानी' हे नवे सोंग रंगपटात तयारच आहे.

कुलेशोवच्या चित्रपटाचा शेवट मात्र लोकशाही समाजवाद्याला रुचणारा नाही. तेथे वेस्टची सुटका पोलीस करतात आणि खरी मॉस्कोही त्याला सरकारच दाखविते. एका बनावाऐवजी दुसरा बनाव! गडचिरोलीची खरी ओळख ना पोलिसांच्या संचलनातून होईल, ना कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या सहानुभूती दौऱ्यातून. या दौऱ्यांनंतर निघणाऱ्या पत्रकांतही 'अंधारातला जिल्हा' असे शब्द येतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पक्षाला तेथे काही करावयाचेच असेल तर त्याने एकच मागणी धसास लावावी: खाणीसंबंधीची यापुढील प्रत्येक जनसुनावणी एटापल्ली तालुक्यातच, ग्रामसभांच्या समक्ष आणि माडिया भाषेत व्हावी.