रस्ता एक, धनी अनेक

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग लागते. ऑक्टोबरात सोयाबीनचा हंगाम सुरू झाला, की अशा रस्त्यांवर एसटी गाड्या, मालमोटारी, दुचाक्या आणि पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या यांची एकच गर्दी उसळते. मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर अंधारात एखादी दुचाकी आदळली, तर दोष कोणाचा? ट्रॉलीचा दिवा हा परिवहन विभागाचा विषय. खचलेली साइडपट्टी सार्वजनिक बांधकाम विभागाची. गावातील अतिक्रमण ग्रामपंचायतीचे. वेगाला आळा घालणे पोलिसांचे आणि जखमीस उचलून नेणे आरोग्य विभागाचे. पुढे हाच रस्ता यवतमाळ जिल्ह्यात शिरतो आणि हे सारे अधिकारी बदलतात. प्रत्येक खात्याचे कागद चोख असतात. तरीही माणूस मरतो. कारण अपघात खात्यांच्या हद्दी पाहून होत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. साइडपट्टी भरण्याचा खर्च एका खात्याच्या अंदाजपत्रकात दिसतो. ती न भरल्याचा खर्च मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. तो पडतो इस्पितळाच्या बिलात, मोडलेल्या शेतीत, कर्ता पुरुष गेल्यावर शाळा सोडणाऱ्या मुलीच्या आयुष्यात. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रातील मृतांची संख्या पंधरा हजारांवर होती. ज्याने टाळाटाळ केली त्याला तिची किंमत मोजावी लागत नाही, तेथे टाळाटाळ हीच काटकसर ठरते.

कायद्याला याची जाणीव नाही असे नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत कसूर होऊन जीव गेल्यास संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. परंतु हा दंड एकेका यंत्रणेच्या चुकीचा आहे. दोन यंत्रणांच्या मधल्या फटीला दंड नाही आणि धनीही नाही.

मग संपूर्ण रस्ता एकाच महामंडळाच्या हाती द्यावा काय? समृद्धी महामार्गाचा अनुभव येथे डोळ्यांपुढे ठेवावा. वाशीम जिल्ह्यातून जाणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता एकाच रस्ते विकास महामंडळाने बांधला. तरी १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. रस्त्याचा धनी एक असला, तरी गाडीची तपासणी, चालकाची विश्रांती आणि बचावकार्य ही कामे इतरांकडेच राहतात. तात्पर्य, नवे महामंडळ हे उत्तर नव्हे. सांध्यावर उत्तरदायी माणूस नेमणे हे उत्तर आहे.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात वा दहा मृत्यू झाले, की ते ठिकाण अपघातप्रवण स्थळ मानले जाते. अशा प्रत्येक स्थळासाठी जिल्हा समितीने एकच अधिकारी नेमावा. खाते कोणतेही असो, काम पुरे करून घेण्याची जबाबदारी त्याची. त्याचे पदनाम आणि कामाची मुदत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. सोयाबीनच्या हंगामापूर्वी वाशीम आणि यवतमाळच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम आखावी. समितीचे इतिवृत्त लोकांसमोर यावे, म्हणजे मागच्या बैठकीत ठरलेले काम या बैठकीत पुन्हा 'ठरणार' नाही.

अनसिंगच्या थांब्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला रस्ता कोणत्या खात्याचा, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. तो संध्याकाळी सुखरूप घरी परतला पाहिजे, एवढेच त्याचे मागणे आहे. ते मागणे कोणाकडे करावे, हे तरी शासनाने त्याला एकदा सांगावे.