आधी रक्त, मग सुई

नाकाला हात लावून कुत्र्याचा ताप ओळखायची सवय नाटे परिसरातून जायला तयार नाही. या आठवड्यात ती पुन्हा एका चांगल्या राखणदाराच्या जिवावर उठली. कलमांच्या बागेत वानरांमागे धावणारा हा कुत्रा अन्नाला तोंड लावेना. नाक ओलं होतं, म्हणून ताप नाही असं घरच्यांनी ठरवलं. पुढे लघवी चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे पडले, तेव्हा ‘कावीळ’ म्हणून झाडपाला पाजला. शेवटी सुई टोचली, तीही अंदाजाने. रक्त कुणी पाहिलंच नाही.

थर्मामीटरबद्दल मी पुन्हापुन्हा लिहितो आणि लिहीत राहणार. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. ते गुदद्वारात थर्मामीटर लावूनच कळतं, नाकावरून नाही.

पण माझा खरा राग काचपट्टीवरून आहे. त्याच घरातल्या माणसाला थंडीताप आला, तर आरोग्यसेवक दारात येतो, बोटाला टोचतो, काचेवर रक्ताचा थेंब घेऊन जातो. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, हे आपल्याला पटलेलं आहे. गोचिडातून कुत्र्याला होणारा बबेसियाही तांबड्या पेशीतच शिरतो आणि त्या फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी काळपट होते ती त्यामुळे. तोही थेंबभर रक्तात, त्याच सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

दोन्हीकडची सुरुवातही एकाच वर्षी झाली. 1880 साली लाव्हरानने अल्जीरियात माणसाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला. त्याच वर्षी डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात ‘सर्रा’चा परजीवी पाहिला, हा रोग कुत्र्यांनाही होतो. गुरांचा ताप गोचीड पसरवते हे स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्ये मांडलं. हिवतापाचा परजीवी रॉसला डासात सापडला तो त्यानंतर, 1897 मध्ये. म्हणजे जनावरांचं शास्त्र तेव्हा पुढे होतं. आज माणसाच्या रक्ताची काच गावात घेतली जाते आणि कुत्र्याला तालुक्याला नेलं तरी ती घेतली जाईल याची खात्री नाही.

अंदाजाने का भागत नाही? त्याच गोचिडातून एर्लिकियाही येतो. ताप तसाच, अन्न सोडणंही तसंच. कधी नाकातून रक्त येतं. त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं, पण बबेसिया नुसत्या त्या गोळ्यांनी हटत नाही. पावसाळ्यात पिवळ्या डोळ्यांमागे लेप्टो असू शकतो. तो काचेवर सापडत नाही, त्याची वेगळी तपासणी लागते. आणि तो कुत्र्यापाशी थांबत नाही: त्याच्या लघवीतून चिखलात उतरतो आणि अनवाणी लावणी करणाऱ्याच्या पायाच्या जखमेतून शिरतो. कुत्र्याचं निदान हे घरातल्या माणसांचंही संरक्षण आहे.

मांजरांचं तेच. बंदरावरचा बोका कुंथत बसला की पोट साफ होत नाही असं धरून एरंडेल पाजतात. पुष्कळदा त्याची लघवी तुंबलेली असते आणि दोन-तीन दिवसांत तो मरू शकतो.

पशुवैद्यांवर माझा रोष नाही. गुरांचं लसीकरण आणि कृत्रिम रेतन यांतच त्यांचा दिवस जातो. पण कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त काचेवर पसरायला दोन मिनिटं पुरतात. वाळलेली काच राजापूरला किंवा रत्नागिरीला पाठवता येते. काच स्वच्छ निघाली म्हणून रोग नाहीच असं होत नाही, हे खरं. तरीही ती सुईच्या आधीच घ्यायला हवी, कारण औषध गेल्यावर परजीवी रक्तातून दिसेनासे होतात आणि पुरावाच जातो.

तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात चालू सूक्ष्मदर्शक आणि रंगद्रव्याची बाटली हवी. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. तोवर सुई भरली जात असेल तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे, पण ठामपणे सांगा: आधी रक्त घ्या.