ठेव मोडायची कधी?

परवा चिरंजीवांनी कपाटातून एक खोके काढले. आत ऑप्टिमस प्राइम. ताकारा टॉमी या जपानी कंपनीने २०११ साली ‘मास्टरपीस’ मालिकेत खास संग्राहकांसाठी काढलेला. वर तंबी, ‘‘बाबा, उघडायचं नाही हं, किंमत उतरेल!’’ जन्मभर बँकेत लोकांच्या ठेवी सांभाळलेला मी. पण हट्टाने ही ठेव मोडायला लावली.

आणि काय सांगू! वीतभराहून किंचित उंच असा हा यंत्रमानव. पाय दुमडले, हात आत घेतले, की लाल ट्रक हजर. ट्रकच्या काचा तीच याची छाती. एकही तुकडा हाती उरत नाही. पहिल्या खेपेला पाऊण तास लागला, नखे दुखली. पण कारागिराला मनोमन नमस्कार केला.

१९८४ साली अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ताकाराची खेळणी घेऊन त्यांना नावे आणि कथा दिल्या. १९८६च्या चित्रपटात नव्या खेळण्यांना जागा करण्यासाठी या नायकाला मारले. मुले रडली; १९८७ साली टीव्ही मालिकेत त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. ज्याच्यासाठी मुलांनी डोळे गाळले, त्याला मोठेपणी खोक्यात कोंडायचे? रूप बदलण्यासाठीच जन्मलेल्याला रूप बदलू न देणे, ही कसली बचत?

पण दोष मुलाला कसा देऊ? ‘मोडेल’ म्हणून त्याची नवी खेळणी माळ्यावर ठेवणारा मीच होतो.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून ट्रक चारदा केला. किंमत उतरली असेल. उतरू दे.